दाताखालचा दाणा

पोळ्याच्या आधीच्या सोमवारी हुलगेवाडीच्या बियाणेघरात चौथ्या कोठीचं झाकण उचललं आणि सगळ्यात आधी वास आला. कुबट, नाकात चढणारा. महानंदाकाकूंनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि बाहेर काढला, तेव्हा मुठीत ज्वारी नव्हती, ढेकळं होती. हिरव्या-काळ्या बुरशीनं दाण्याला दाणा चिकटला होता.

"ही कोठी कुणाच्या दातावर लावली?" काकूंनी विचारलं. उत्तर त्यांना ठाऊक होतं. तिथे जमलेल्या वीसही बायकांना ठाऊक होतं.

"माझ्या," शिवकन्या म्हणाली.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानातलं हे एवढंसं गाव. या बायकांनी वीस वर्षं खपून जुन्या ज्वारीची बियाणी जपली होती. त्यातली चिमणगोंडी नावाची ज्वारी तर आता जगात दुसरीकडे कुठेच उरली नव्हती, याच एका कोठीत होती. कोठी बंद करायची त्यांची रीत ठरलेली होती. ओलावा मोजायचं यंत्र होतं, तेही लावत. पण उन्हातून नुकतंच काढलेलं धान्य यंत्राला हमखास फसवतं. दाणा वरून खडखडीत आणि पोटात ओला असला, तर यंत्र वरचंच ऐकतं. म्हणून शेवटचा शब्द दाताचा. कोठीच्या तळातला एक, मधला एक, दोन कडेचे आणि एक वरचा, असे पाच दाणे एकीनं दाताखाली फोडायचे. वाळलेला दाणा कट् करून दुभंगतो. ओला दाणा फुटण्याआधी केसभर दबतो. तो केसभर दबाव ज्या बाईला कळतो तिनं 'लावा' म्हटल्याशिवाय झाकण लागत नसे. काकूंचे दात पडले तेव्हा त्यांनी सगळ्या गावातून शिवकन्येला निवडलं होतं, आणि नऊ वर्षांत तिच्या दातावर लावलेली एकही कोठी बिघडली नव्हती.

"आरशात बघून बघून दाणा इसरलीस तू," काकू म्हणाल्या आणि हातातलं ढेकूळ त्यांनी तिच्या पायाशी टाकलं.

शिवकन्येला ते तोंडात मारल्यासारखं लागलं. कारण दात तिनं आरशासाठी नीट करून घेतलेच नव्हते. वरचे पुढचे दात पुढे आलेले, त्यांच्यात फटी, आणि खालचे दात तोंड मिटलं की थेट टाळूत रुतायचे. टाळूला कायमची जखम. एखादा दाणा बाजूच्या दाताखाली फोडता येई, पण घास चावता येत नसे; लग्नानंतरची बारा वर्षं तिनं भाकरी आमटीत भिजवून गिळली होती. ती तेहतीस वर्षांची होईपर्यंत कुणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. दात सरळ झाले तेव्हा मात्र गावातल्या प्रत्येकाला ते दिसले, आणि हौस म्हणून दिसले.

सोलापूरच्या डॉ. केतकी बुगड यांनी तिला एक संयुक्त पद्धत सांगितली होती. पूर्वी तारा लावत, किंवा पारदर्शक साचे देत. एका उपायानं फटी मिटायच्या तर चावा बिघडायचा, दुसऱ्यानं चावा सुधारायचा तर फटी उरायच्या. आता सगळं एकत्र. आधी तारांनी दात एका ओळीत आणायचे. जबड्याच्या हाडात तांदळाएवढे दोन स्क्रू बसवून, त्यांच्या आधारानं पुढचे दात मागे आणि वर ओढायचे, म्हणजे खालचे टाळूला लागत नाहीत. उरलेल्या फटी साच्यांनी मिटवायच्या. हाड लवकर हलावं म्हणून हिरड्यांवर रोज विशिष्ट प्रकाश. दोन-तीन वर्षांचं काम आठ महिन्यांत, आणि ते खरंच झालं. जानेवारीत शिवकन्येनं आयुष्यात पहिल्यांदा कोरडी भाकरी ठेच्याबरोबर चावून खाल्ली आणि ती खाताना रडली. डॉक्टरबाईंचे उपकार ती अजूनही विसरली नव्हती. म्हणून तर पुढचं जास्त लागलं.

शेवटची पायरी होती 'ध्रुवबंध'. सरळ केलेले दात पुन्हा जुन्या जागी जाऊ बघतात, त्यामुळे जन्मभर झोपताना प्लेट घालावी लागते. लोक कंटाळतात, प्लेट डब्यात पडून राहते आणि वर्षा-दोन वर्षांत फटी परत. ध्रुवदंत कंपनीनं त्यावर इंजेक्शन काढलं होतं. हिरडीत चार टोचण्या, आणि दात जिथल्या तिथे कायमचा पक्का. अकरा पानी संमतिपत्र. शिवकन्येनं जिथे बोट दाखवलं तिथे सही केली होती.

एप्रिलमध्ये तिनं चिमणगोंडीचे पाच दाणे फोडले, तेव्हा पाचही इतके खणखणीत वाजले की तीच म्हणाली होती, "काकू, यंदाचं ऊन लई चांगलं लागलंय."

बुरशी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वयंपाकघरात दोन वाट्या मांडल्या. एकीत पहिल्या कोठीतली वाळलेली ज्वारी. दुसरीत ओल्या फडक्यात मुरवून मग वरवर उन्हात कोरडी केलेली. एक दाणा चावला. कट्. दुसरा चावला. कट्. तिनं दहा चावले, वीस चावले. सगळे वाळलेले.

नवरा धनंजय चहा घ्यायला आत आला. मीठ कुठल्या डब्यात आहे हेही ज्याला दरवेळी सांगावं लागे, असा हा माणूस. तिनं त्याच्या तोंडात एकेक दाणा दिला.

"हा वाळलाय," तो म्हणाला. "आणि हा ओला हाय की. दबतोय."

"तुला कसं कळलं?"

"कसं म्हंजे? दाताला कळतंय."

शिवकन्येनं दोन्ही वाट्या पदराखाली घेतल्या आणि नऊची सोलापूर गाडी पकडली.

डॉ. केतकींनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी आपल्या डोक्याचा एक केस तोडला, तिला डोळे मिटायला लावले आणि केस तिच्या दातांत धरला. "चावा. काही लागतंय?"

"न्हाई."

त्यांनी कागदाचा कपटा ठेवला. मग कागदाची दुहेरी घडी, मग चौपदरी.

"काही न्हाई. काय ठेवलंय तुम्ही?"

डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "शिवकन्याताई, दात हाडात खिळा ठोकल्यासारखा नसतो," त्या हळूहळू सांगू लागल्या. "दात आणि हाड यांच्या मध्ये कागदाएवढा पातळ पडदा असतो, बारीक तंतूंचा. बाजेच्या सुतळीवर आपण झोपतो ना, तसा दात त्या तंतूंवर टेकलेला असतो. त्याच पडद्यात मज्जातंतूंची टोकं असतात. दाताखाली केस आला तरी दात किंचित दबतो, तंतू ताणतात आणि मेंदूला कळतं. चावताना किती जोर लावायचा, खडा कुठे आला, सगळं तिथून कळतं. ध्रुवबंधाचं औषध त्या पडद्याचंच हाड करून टाकतं. दात हलत नाही, कारण आता तो सुट्टाच राहिलेला नाही."

"आणि आवाज? प्रत्येक दाणा खणखणीत वाजायचा."

"तो पडदा आवाजही शोषून घ्यायचा. आता दात थेट हाडाला भिडलाय, म्हणून सगळंच खणखणीत वाजतं. ओलंसुद्धा."

म्हणजे जे गेलं होतं त्यानं जाताना खुणेलासुद्धा काही ठेवलं नव्हतं. उलट सगळं उत्तम आहे असं कानात सांगत राहिलं. शिवकन्येच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"परत येईल का?"

"नाही. एकदा हाड झालं की झालं."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

केतकींनी नजर चुकवली नाही, एवढं त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. "मी कंपनीला विचारलं होतं, संवेदनेवर काय परिणाम होतो म्हणून. अशी एकही तक्रार नोंदलेली नाही, असं उत्तर आलं. ते वाचून मी गप्प बसले. नोंद कशी घेतात, हे विचारायला हवं होतं. नाही विचारलं."

त्याच दुपारी दोघींनी मिळून तक्रार भरायला घेतली, तेव्हा नोंद का नव्हती ते कळलं. कंपनीच्या अर्जात तक्रारीसाठी सात चौकटी होत्या. वेदना, सूज, रंगबदल, दात हलणे, फट परत येणे, हसताना संकोच, इतर कॉस्मेटिक. आठवी चौकट नव्हती. 'दाताला कळत नाही' हे लिहायला जागाच ठेवली नव्हती, आणि मग कुणी लिहिलं नाही म्हणून छाती फुगवून सांगायला हे मोकळे. केतकींनी पेनानं कागदावर आठवी चौकट आखली. अर्ज चार दिवसांत परत आला: नमुन्यात फेरफार केल्यामुळे अस्वीकृत.

अर्ज भरला त्या संध्याकाळीच शिवकन्या गावी परतली ती थेट महानंदाकाकूंच्या ओसरीवर गेली आणि सगळं सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या, बियाणेघरातून बुरशीचं एक ढेकूळ आणून फडक्यात बांधलं.

"माजे दात वयानं पडले," त्या म्हणाल्या. "तुजे तोंडात हायेत आन गेले. मी तुला नको ते बोलले, शिवकन्ये. कुठं हाय ती कंपनी?"

डॉ. केतकींनी तीन महिने पत्रं लिहून पिच्छा पुरवला तेव्हा पुण्याला बैठक लागली. काचेच्या इमारतीत, सकाळी अकराला. समोर कंपनीचे वैद्यकीय प्रमुख डॉ. राजस टिपणीस. गोड बोलणारे आणि दात दाखवत बोलणारे. त्यांनी पडद्यावर आलेख दाखवले. अकरा हजार रुग्ण, अठ्ठ्याण्णव टक्के समाधानी. फोटो काढताना आत्मविश्वास वाढला का? हो. प्लेटच्या कटकटीतून सुटका झाली का? हो.

"चावताना कळतं का, असं विचारलं होतं?" केतकींनी विचारलं.

"रुग्णांनी तो मुद्दा कधी उपस्थित केला नाही."

"दाढेला तडे गेल्याचे अकरा रुग्ण एकट्या माझ्याकडे आलेत सहा महिन्यांत. जोर किती लावला ते कळतच नाही त्यांना."

"ते आहाराच्या सवयींमुळे असू शकतं," टिपणीस म्हणाले. "आणि ताईंची अडचण मी समजू शकतो, पण ती जरा व्यक्तिनिष्ठ आहे. मी स्वतः ध्रुवबंध घेतलाय. तीन वर्षं झाली. मला काहीही फरक जाणवत नाही."

शिवकन्या पुढे सरकली. तिनं पिशवीतून दोन वाट्या काढून टेबलावर ठेवल्या. "साहेब, ह्यातला एक खावा. मग ह्यातला एक. वाळलेला कुठला ते सांगा."

टिपणीस हसले. असल्या गावरान गोष्टींना नाही म्हणायचं नसतं, हे त्यांना कुठल्याशा प्रशिक्षणात शिकवलेलं असावं. त्यांनी दाणे चावले. "दोन्ही वाळलेले आहेत."

वाट्या पुढे सरकल्या. टिपण घेणाऱ्या मुलीनं चावून डावी वाटी ओली सांगितली. कंपनीच्या वकिलानं, नको नको म्हणत, तीच सांगितली. डॉ. केतकींनी तीच सांगितली. चहा घेऊन आलेल्या बाईंनी तर दाणा चावून, "ही ज्वारी भरून ठेवू नका हं, किडेल," असंही बजावलं.

टिपणीसांनी पुन्हा एक दाणा घेतला, डोळे मिटून चावला. मग आणखी एक. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं, आणि क्षणभर शिवकन्येला त्यांच्यात स्वयंपाकघरातली ती सकाळ दिसली. तिला वाटलं, आता हा माणूस खरं बोलेल.

टिपणीसांनी वाटी बाजूला सारली. "हे रंजक आहे," ते म्हणाले. "पण खरं सांगायचं तर मला दाणे चावायची गरज पडत नाही."

"तुला गरज न्हाई म्हणून हिचं काढून घेतलंस व्हय रं?" महानंदाकाकूंनी फडकं सोडलं आणि बुरशीचं ढेकूळ त्या गुळगुळीत टेबलावर ठेवलं. "ही चिमणगोंडी. जगात येवढीच हुती. तुजी गरज ठरवणारा तू. हिची गरज ठरवणारा बी तूच. आन इचारायचं मातर कुनालाच न्हाई."

महिन्याभरानं कंपनीचं पत्र आलं. भाषा मधात बुडवलेली. ताईंच्या मौल्यवान सूचनेचा आदर करून संमतिपत्रात सुधारणा केली होती. बाराव्या पानावर, सगळ्यात शेवटी, मुंगीच्या अक्षरात एक ओळ: धान्याची परीक्षा दातांनी करण्याचा व्यवसाय असणाऱ्यांना ही प्रक्रिया सुचवली जात नाही.

शिवकन्येनं ती ओळ दोनदा वाचली. असा व्यवसाय करणाऱ्या बायका साऱ्या महाराष्ट्रात मिळून किती असतील? तेवढ्यांना सोडलं की बाकीच्यांचं काढून घ्यायला परवानगी. जणू काय बँकेतल्या माणसाच्या तोंडात दात नसतात, त्याच्या भातात खडा येत नाही, त्याला शेवेचा कुरकुरीतपणा लागतच नाही. तिच्या नुकसानीचंच त्यांनी कुंपण करून तिला आत उभं केलं होतं आणि बाहेरचं सगळं रान स्वतःला मोकळं ठेवलं होतं. तिनं पत्र फाडलं नाही. घडी घालून ज्वारीच्या वाट्यांबरोबर पिशवीत ठेवलं.

तेव्हापासून दर मंगळवारी शिवकन्या सोलापूरला जाऊ लागली. डॉ. केतकींच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसायची. ध्रुवबंधाला आलेल्या माणसाला आत पाठवण्याआधी केतकी तिच्याकडे पाठवायच्या. तेवढं तर त्यांच्या हातात होतं. एकदा एक तरुण आला, विमा कंपनीत नोकरीला. घाईत होता.

"मावशी, मी कुठे दाणे चावतो?" तो म्हणाला.

"चावून तर बघा. डोळे मिटा."

त्यानं चावले. "हा कडक. हा मऊ."

"कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात? कळलं."

"आता माझ्याकडं बघा," शिवकन्या म्हणाली, आणि तिनं त्याच्याच हातून, डोळे मिटून, दोन दाणे घेतले, चावले आणि चुकीचं सांगितलं. दर मंगळवारी ती अनोळखी माणसांसमोर असं पाच-सहा वेळा चुकायची. प्रत्येक वेळी लाज वाटायची आणि प्रत्येक वेळी त्या लाजेची चीड यायची. "जे न शिकता कळलं ना तुम्हाला, तेच जातंय त्या टोचणीत. दात सरळ करून घ्या, माझे झालेत, लई चांगले झालेत. फक्त ती प्लेट घाला. जन्मभर घाला."

तरुणानं प्लेट घेतली. कित्येक जणांनी घेतली. काहींनी नाही घेतली, त्यांची लग्नं ठरलेली होती, त्यांना कटकट नको होती. पण ठाऊक असून नाही घेतली. कंपनीनं केतकींना दोन ताकिदी पाठवल्या आणि तिसरीला आपली औषधं देणं बंद केलं. केतकींनी दाराबाहेरची ध्रुवदंतची पाटी स्वतः स्टुलावर चढून उतरवली.

इकडे गावात त्या नासक्या कोठीतल्या ज्वारीचे शंभर-शंभर दाणे बायकांनी ओल्या गोणपाटावर मांडले होते. शंभरात कधी चार, कधी सात उगवले. पण उगवले. परसात एकेक रोप बोटानं लावावं तशी चिमणगोंडी लावली, आणि मार्चमध्ये कणसं हाती आली, तेव्हा जमेल तशी मळून कोठी तळापासून वीतभर भरेल एवढी ज्वारी झाली. एवढंच होतं. हे गेलं की संपलं.

कोठी लावायच्या आठवड्यात महानंदाकाकूंनी निरोप धाडून डॉ. केतकींना बोलावून घेतलं. केतकींना वाटलं, पाहुणचार असेल. काकूंनी त्यांना वाळत घातलेल्या ज्वारीशेजारी उन्हात बसवलं.

"तुजे दात हलत्यात न्हवं अजून?"

"हो, काकू."

"मग बस इथं. हिचा दात तू घेतलास. आता तुजा दे."

केतकी त्या आठवड्यात तीनदा आल्या. शिवकन्येनं त्यांना शिकवलं. कुठल्या दाताखाली धरायचा, ओठ कसा मागे घ्यायचा, आवाजाकडे लक्ष द्यायचं नाही, फुटण्याच्या आधी काय होतं तेवढं बघायचं. सांगताना शिवकन्येला सगळं आठवत होतं आणि त्यातलं काहीच लागत नव्हतं. आपल्याच घराचा पत्ता दुसऱ्याला समजावून द्यावा आणि आपण मात्र दाराबाहेर बसावं, तसं ते होतं.

शनिवारी यंत्रानं कोठी पास केली. शिवकन्येनं हात घालून दाणे काढले. तळातला, मधला, दोन कडेचे, वरचा. हात तिचेच होते. कुठून काढायचे ते हातांना पाठ होतं. केतकींनी वरचा फोडला, कडेचे फोडले, मधला फोडला. "वाळलाय," त्या चारदा म्हणाल्या.

पाचवा चावून त्या थांबल्या. वीस बायका बघत होत्या. यंत्राचा हिरवा दिवा चालू होता.

"वाजला नीट," केतकी म्हणाल्या. "पण आधी दबला. अगदी थोडा. मला वाटतं... नाही, वाटत नाही. दबला."

शिवकन्येनं तळातला दुसरा एक दाणा उचलला आणि सवयीनं स्वतःच्या दाताखाली धरला. कट्. खणखणीत, स्वच्छ, खोटा. तिला इतका आनंद झाला की केतकींना मिठी मारावी, आणि इतका राग आला की त्यांच्याकडे बघवेना. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही घेऊनच तिला पुढची सगळी वर्षं काढायची होती.

"लावायची का मग?" कुणीतरी विचारलं.

"न्हाई," शिवकन्या म्हणाली. "डॉक्टरबाईंनी सांगितलं ना, ओली हाय. अजून दोन उन्हं द्या."

तिनं झाकण उचलून भिंतीशी ठेवलं आणि ज्वारी पुन्हा अंगणात ओतायला घेतली.